पुष्पाची दुसरी सायकल

विहिरीवरच्या मोटारीचा घासलेला शाफ्ट असो की पेरणीयंत्राचा तुटका दात, पुसदच्या वाशीम रोडवर घनश्यामच्या लेथवर गेला की कामाचा होऊनच परत येई. घनश्याम बावन्न वर्षांचा, बोलायला बेताचा. लोखंडातलं बहुतेक सगळं त्याने करून पाहिलं होतं. सायकल मात्र कधी बनवली नव्हती. ती पाळी आली पुष्पामुळे.

पुष्पा घाटाजवळच्या एका बंजारा तांड्यावरची. वय चौतीस, उंची चार फूट. जन्मापासून हातपाय आखूड, बाकी अंग चारचौघींसारखं. बी.ए. करून ती डाकघरात लागली होती. तीन तांडे आणि दोन गावं, एवढं टपाल रोज वाटायचं. त्यासाठी तिने लहान मुलांची एक सायकल घेतली होती. ती वर्षभरात दोनदा मोडली. तिसऱ्यांदा मोडली तेव्हा तिचा भाऊ बाबूसिंग ती वेल्डिंगला घेऊन आला, आणि मागून पुष्पाही आली.

घनश्यामने फ्रेम उलटसुलट करून पाहिली. "हे खेळनं हाये," तो म्हणाला. "मोठ्या मानसाचं वजन, वरून टपालाची थैली. कसं टिकनार? राहू दे पोरी, मीच बनवून देतो तुले एक."

त्याने ते खरंच मनावर घेतलं. फक्त माप घेतलं नाही. परक्या बाईच्या पायाला टेप लावायचा कसा, हे त्याला उमगेना, आणि विचारायचीही लाज वाटली. शेजारची प्रेरणा तिसरीत होती, तिची उंची नेमकी चार फूट. त्याने प्रेरणाला भिंतीशी उभं केलं, पायाचं आतलं माप घेतलं, हात मोजला, आणि कामाला लागला.

महिना गेला. फ्रेमचे पाइप त्याने स्वतः कापले, पितळेने जोडले. पुढच्या चाकाचा चिमटा घरीच वाकवला. थैलीसाठी मागे जाळीचं कॅरिअर केलं. शेवटी गुलाबी रंग दिला, कारण लहान सायकली त्याने गुलाबीच पाहिल्या होत्या.

दुकानापुढे माणसं थांबून बघू लागली. कोणीतरी फोटो मोबाइलवर फिरवला. गावातल्या एका छोट्या पेपरात बातमी आली, फोटोत घनश्याम सायकलीचं हँडल धरून उभा, पुष्पा कडेला. गणेश मंडळाने शाल-नारळ दिला. घनश्यामच्या बायकोने, बेबीताईने, ती शाल घडी करून कपाटात ठेवली. आणि पुष्पाने सायकल नेताना म्हटलं होतं, "छान झाली, भाऊ."

तीन आठवड्यांनी ती आली तेव्हा डावं मनगट प्लास्टरमध्ये होतं. गुलाबी सायकल बाबूसिंगच्या मोटारसायकलवर मागे आडवी बांधलेली.

"पडली?" घनश्यामने विचारलं.

"घाटातल्या उतारावर."

"ब्रेक लागला नाई काय?"

"ब्रेकपर्यंत बोटंच पोचत नाईत माही," पुष्पा म्हणाली. "पायानं थांबवतो मी. त्या दिवशी वळन होतं. गुडघा हँडलले अडला."

घनश्याम बाकावरून उठला. त्याच्या मनात आलं, सराव नसेल. ओठांवर आलेलं ते त्याने गिळलं नाही. "नवी सायकल हाताशी बसाले वेळ लागते, पोरी."

"मी तीन आठवडे रोज चालवली, भाऊ." तिचा आवाज चढला नव्हता. "पायडल पुरत नाई म्हून सीट खाली घेतली. सीट खाली घेतली तं गुडघे वर आले. पहिल्याच दिवशी समजलं मले."

"मंग पहिल्याच दिवशी काहून नाई सांगतलं?"

"तुमी महिनाभर राबलते. पेपरवाले आलते. सगळे तुमाले विचारून राह्यले होते, कशी बनवली म्हून. मले कोनी विचारलं नाई, चालते कशी."

बाबूसिंगने दोरी सोडली. घनश्यामला राग आला. कोणाचा, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. त्याने सायकल उतरवून घेतली, सीटवर हात टेकवला, पायडल फिरवून पाहिलं. मग विचारलं, "काय चुकलं?"

"माप. तुमी मापच नाई घेतलं."

"बाईमानसाचं माप मी कसं..."

"टेलर घेते ना. चपलावाला घेते. मले लाज नाई, तुमाले कायले?"

दुकानामागेच घर होतं. घनश्यामने बेबीताईला हाक मारली आणि टेप तिच्या हातात दिला. पुष्पाने मान हलवली. "ताई बसू द्या इथं, बरंच हाये. पन मोजा तुमीच. सायकल तुमी बनवनार."

बेबीताई पाट घेऊन बसली. घनश्याम गुडघ्यावर बसला आणि त्याने टेप सरळ केला. पायाचं आतलं माप साडेसोळा इंच भरलं. त्याने पुन्हा लावला. साडेसोळाच. प्रेरणाचं बावीस होतं. उंची दोघींची सारखी, आणि पायात साडेपाच इंचांचा फरक. त्याने खांदा ते मनगट मोजलं, तळवा मोजला, मूठ किती उघडते ते पाहिलं. सगळे आकडे भिंतीवर खडूने लिहिले.

"तुमी तीन आठवडे याच्यावर बसल्या," तो म्हणाला. पोरी म्हणायचं त्या दिवसापासून बंद झालं.

मनगट बरं व्हायला दीड महिना होता, तेवढाच वेळ त्याच्याकडे होता. टपाल तोवर बाबूसिंगच्या गाडीवर मागे बसून ती वाटत होती. गुलाबी फ्रेम दुरुस्त होण्यातली नव्हती. घनश्यामने तिच्यातलं काही घेतलं नाही, नवीन पाइप आणले. पायडलचा दांडा बाजारात सहा-साडेसहा इंचांचा मिळतो, पुष्पाला चार इंचांचा हवा होता. जुना कापून जोडला तर जोड उतारावर दगा देईल, म्हणून त्याने ट्रॅक्टरच्या मोडक्या एक्सलमधून दोन्ही दांडे कापून काढले आणि चार दिवस घासले. डाव्या पायडलला उलटे आटे लागतात, नाहीतर चालवता चालवता ते सुटून येतं. तसे आटे पाडायचं हत्यार त्याच्याकडे नव्हतं. तेही त्याने घडवलं, पण पहिला दांडा त्यात वाया गेला. ब्रेकची मूठ पातळ पट्टीची केली आणि हँडलच्या इतकी जवळ आणली की त्याची स्वतःची बोटं तिच्यात मावत नव्हती.

दर रविवारी पुष्पा येई आणि स्टँडवर कसलेल्या नुसत्या फ्रेमवर बसे. घनश्याम खुणा करी. हँडल एकदा उंच झालं, एकदा दूर. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "आनखी अर्धा इंच जवळ पाह्यजे."

"अर्ध्या इंचानं काय होते, ताई?"

"तुमाले नाई होत."

त्याने कापलेलं पुन्हा कापलं. जेवताना बेबीताई म्हणाली, "लई किटकिट करते ना ते?" घनश्याम म्हणाला, "बरोबर करते."

रंगाचं त्याने या वेळी विचारलं. "काळा," पुष्पा म्हणाली. "मोठ्या मानसाच्या सायकलीचा असते तसा."

दिवाळीनंतरच्या सोमवारी तिने ती नेली. घनश्याम आपली गाडी घेऊन मागोमाग निघाला. चढावर तिच्या मागे हळू जाताना तो पहिल्या गिअरमध्ये होता आणि तरी त्याला पाय टेकावे लागत होते. पुष्पा न उतरता चढली. पलीकडच्या उतारावर तिने वळणाआधी ब्रेक दाबला, सायकल हळू झाली, वळली. गुडघा कुठे अडला नाही. तिने मागे पाहिलं नाही. घनश्यामचा एक हात तिला सावरायला आपोआप क्लचवरून सुटला होता, तो त्याने परत ठेवला.

पुष्पाच्या तांड्यावर शिरताच लालीबाई नावाची म्हातारी, सगळ्या तांड्याची याडी म्हणजे आई, दारातून पुढे आली. तिच्या आधारकार्डाचं पाकीट आलं होतं.

"याडी, घे तुझं कार्ड," पुष्पाने पाकीट पुढे केलं.

म्हातारीने ते फाडून फोटो डोळ्यांशी धरला. "ही मी नाही," ती म्हणाली. "आणि इतके दिवस कुठं होतं हे? काल काहून नाही आलीस?"

"काल रविवार होता, याडी. अंगठा लाव इथं."

दोन घरं पुढे कोणी हाक मारली, कुणाचं पत्र आहे का म्हणून. एक कुत्रं भुंकून गप्प बसलं. सायकल भिंतीला टेकलेली होती आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. कोणीतरी बघेल म्हणून घनश्याम थोडा वेळ उभा राहिला. महिनाभराहून जास्त दिवस गेले होते तिच्यात, पाहिलेल्या कोणत्याही सायकलीपेक्षा ती वेगळी होती, आणि तांड्याला ती पुष्पाची सायकल वाटत होती, बस.

"चहा घ्या, भाऊ," बाबूसिंग आपल्या दारात बाज झटकत म्हणाला.

"घेतो," घनश्याम म्हणाला आणि बसला. तोवर पुष्पा थैली खांद्यावर सरकवून पुढच्या गल्लीत वळली होती.