डर्वलाने वाहायला नकार दिला

पित्ताशय काढून तीन दिवस झाले होते आणि डर्वला क्विर्क खाटेवर ओंडक्यासारखी पडून होती. पोटावर चार बारीक छिद्रं, त्यांवर चार पट्ट्या. एवढ्याशा छिद्रांचं काय कौतुक, म्हणून तिने गोळ्यांचं पाकीट फोडलंच नव्हतं. रविवारी चर्चच्या सभागृहात तिच्या वर्गातली आठ मुलं पत्र्याची बासरी वाजवणार होती. बाईंनी सोबत वाजवलं नाही की मुलं मिळेल तिथे श्वास घेत आणि सुरावट मोडत. तोवर अजिबात हललं नाही की आपण बऱ्या होऊ, असा तिचा हिशोब.

शुक्रवारी सकाळी तिने बासरी ओठांना लावून पाहिली. श्वास अर्ध्यावरच अडला, उजव्या खांद्यात कळ गेली आणि बासरी पांघरुणावर पडली.

"वाहून टाक," चहा घेऊन आलेली थोरली बहीण फिलोमिना म्हणाली. "ते दुखणं शुद्धीच्या अग्नीत अडकलेल्या आत्म्यांच्या नावाने वाहून टाक. आईचं पोट वीतभर फाडलं होतं, तिने हूं की चूं केलं नाही."

"खोकलीसुद्धा नाही! म्हणून तर न्यूमोनिया झाला तिला."

"पण तक्रार केली नाही!"

दात दुखो, गुडघा फुटो, सोसायचं आणि मेलेल्यांच्या नावे वाहायचं, म्हणजे ते त्या अग्नीतून सुटून लवकर स्वर्गात जातात, हे दोघींना पाळण्यापासून शिकवलेलं. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासणाऱ्या डर्वलाने हा धडा मात्र कधीच तपासला नव्हता.

खांद्याच्या धास्तीने तिने वॉर्डात फोन लावला. छाती दडपते का, दम लागतो का, ताप आहे का, नर्सने विचारलं. काहीच नव्हतं.

"मग तो वायू. ऑपरेशनला पोट फुगवतात, त्यातला थोडा उरतो. टोचतो आत, दुखतो खांदा. चाला म्हणजे जाईल. गोळ्या घेताय ना?"

"सोसवेनासं झालं की घेईन."

"घर पेटल्यावर बादली शोधणार? लिहून दिल्यात तशा घड्याळ बघून घ्या. खोल श्वास घेता यावा म्हणून आहेत त्या. आणि खोकताना पोटावर उशी दाबून धरा."

फोन ठेवून डर्वलाने पाकीट फोडलं. तासाभराने ती उशी पोटाशी धरून गल्लीत चालू लागली.

"अगं, लोक काय म्हणतील?" फिलोमिना मागून ओरडली.

"म्हणतील, डर्वला चालतेय."

"आणि ते बिचारे आत्मे?"

"साठ वर्षं त्यांना माझंच दुखणं पुरवलंय. आता म्हणावं, दुसरं गिऱ्हाईक बघा!"

शनिवारी ती चारदा चालली. कळ गेली नव्हती, पण श्वास बरगड्यांखाली उतरू लागला होता.

रविवारी सभागृहात ती मुलांसमोर खुर्चीत बसली, मांडीवर उशी.

"बाई, दुखतंय?" छोट्या फिअ‍ॅक्राने विचारलं.

"दुखतंय. पण मी विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं सांगितलंय त्याला. चला, श्वास कुठे घ्यायचा?"

"चौथ्या सुरानंतर!"

सगळे वाजवू लागले. चौथ्या सुरानंतर तिने श्वास घेतला, पोटापर्यंत. आठही मुलांनी तिच्याबरोबर घेतला.

टाळ्या चालू असतानाच पहिल्या रांगेतून फिलोमिना उठली. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्यात गोळी.

"दोन वाजले," ती म्हणाली.

"पटलं वाटतं?"

"अजिबात नाही. घे मुकाट्याने. उशी मी धरते."