पाच घरचं शेण

शेणाला नुसतं शेण म्हणणाऱ्या माणसाला आमची आई, सगुणाबाई, अडाणी समजायची. गाईनं आत्ताच टाकला तो पो. थापून वाळवली ती गोवरी, रानात पडल्या जागी वाळली ती रानशेणी. मेंढीची लेंडी, घोड्याची लीद. आणि जनावर बिघडलं की ढाळ. हा शेवटचा शब्द ती हळू आवाजात बोलायची.

घोटीजवळच्या आमच्या गावात, चौऱ्याहत्तर साली, आई रोज सकाळी पाच घरचे गोठे झाडायची आणि मजुरी म्हणून शेण आणायची. थोड्याच्या गोवऱ्या व्हायच्या, बाकीचं भाताच्या रोपाची जमीन भाजायला, राबाला, लोक न्यायचे. घरात आम्ही दोघीच आणि चांदी गाय. चांदी पहिल्यांदाच गाभण होती. ती व्याली की दूध घोटीला घालायचं आणि दुसऱ्यांच्या गोठ्यातला झाडू कायमचा टाकायचा, असं आईनं ठरवलं होतं.

चैत्रात त्या पाच घरांतल्या लहानूनं बाजारातून बैल आणला. चौथ्या दिवशी आई त्याच्या गोठ्यातून परतली ती तोंड पाडूनच.

"लहानूच्या बैलाचा पो धड नाय. काळा हाय, खडा हाय, वर शेंबडावानी काहीतरी."

तिनं लहानूलाही सांगितलं होतं. तो हसला. "मावशे, आता शेणात भविष्य बघती का?"

दोन दिवसांनी बैलाला रक्ताचे ढाळ लागले आणि तो बसला तो उठलाच नाही. मग दुसऱ्या घरच्या साळूबाईची म्हैस. बुळकांडी, गुरांचे गोठेच्या गोठे रिकामे करणारी साथ, हे नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण ओठांवर कुणी आणत नव्हतं. प्रत्येक वेळी आधी दिसायचं ते आईलाच. हळूहळू बायका तिला बघून पदर ओढू लागल्या. ती गोठ्यात वाकली की त्यांचं काळीज धडधडतं म्हणे. "आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून," असं एकीनं मला ऐकू जाईल असं म्हटलं. मला इतका संताप आला! वेळेवर सांगणारीलाच अवदसा ठरवायचं, ही आमच्या गावाची जुनी खोड.

आई कामावर जातच राहिली. पण चांदीसाठी तिनं माहेरचा उपाय काढला. पाचही घरचं ताजं शेण एकत्र कालवायचं आणि गोठ्याभोवती हातानं पट्टा ओढायचा. पाच घरची राखण एका जागी आली की रोग आत येत नाही. रोज संध्याकाळी ती पट्टा ओढायची, मी पाणी ओतायचे. चांदी मान खाली घालून तो हुंगायची. आम्हाला वाटायचं, तिलाही बरं वाटतंय.

पट्टा ओढायला लागल्यापासून दहाव्या दिवशी गुरांचा डॉक्टर आला. देवळापुढं सगळे जमले. तोवर चार घरची एकेक दोन-दोन जनावरं गेली होती, पाचव्या घरची गाय पडून होती.

"एकाच पाणवठ्यावर जातात का?" त्यानं विचारलं.

"नाय, ज्याची त्याची विहीर हाय."

"चरायला एकत्र?"

"नाय."

डॉक्टरची नजर आईच्या पायांवर गेली. घोट्यापर्यंत शेण वाळलेलं होतं. काखेला पाटी.

"बाई, तुम्ही किती गोठे झाडता?"

"पाच."

"कुणाकुणाचे?"

आई बोटांवर नावं घेऊ लागली. तिसऱ्या नावाला लोक एकमेकांकडे बघू लागले. पाचव्या नावाला आईनं मुडपलेलं बोट तसंच धरून ठेवलं.

"पायाला, पाटीला लागून जातो तो रोग," डॉक्टर म्हणाला. रागावला नव्हता तो. "तुमचं स्वतःचं जनावर आहे?"

"हाय. पन तिच्याभवती मी..." पाटी टाकून आई धावत सुटली.

मी पोचले तेव्हा ती नखांनी पट्टा खरवडत होती. बोटांतून रक्त येत होतं. मी तिला धरलं, तिनं मला ढकललं. चांदीच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुढचा चारा तसाच पडला होता.

डॉक्टरनं चांदीला तपासलं. आता लस टोचून उपयोग नाही म्हणाला.

त्यानंतर सहाव्या दिवशी दुपारी चांदीनं मान टाकली. आई तिच्या पोटावर तळहात ठेवून बसली होती.

"आत हालतंय गं," ती म्हणाली. "अजून हालतंय."

गावातलं कुणीही आलं नाही. मी डॉक्टरकडे निघाले तर ती म्हणाली, नको, बस. मी तिच्याजवळ बसले आणि तिनं माझा हात ओढून स्वतःच्या हाताशेजारी ठेवला. ते हलायचं थांबेपर्यंत आम्ही दोघींनी हात उचलला नाही.