वाकड्या खांबाचं माप

रेवाबाई वाकड्या खांबाला पाठ टेकून उभी राहिली आणि सुनेला म्हणाली, "इथलंच माप घे. दुसरीकडे जाऊ नको."

रंजिताने टेप उलगडला. नवापूरजवळच्या त्या पोल्ट्रीत पाच शेड होत्या. दोन नंबरच्या शेडमधला हा एकच खांब गवंड्याने तिरका बसवलेला. बाकीच्या खांबांमधून बैलगाडी सहज निघाली असती. इथे मात्र दोन बायका भरल्या गोण्या घेऊन समोरासमोर आल्या की एकीला मागे सरावं लागे.

शेठचा सकाळीच फोन आला होता. उमाकांतशेठ मूळचे लोणखेड्याचे, त्यामुळे त्यांची बोली अहिराणी. "मावशी, आते आपले लोडर लेना शे. रस्ता उकरतस तो मोठा नही, धाकला. शेडमधलं तूस तोच भरी. खांबासमधली सगळ्यात कमी जागा कितली शे, तेवढं मोजी ठेव."

"लोडर केवढा असतो, शेठ?"

"पाच-साडेपाच फूट तरी ऱ्हास."

तेव्हाच रेवाबाईच्या डोळ्यांपुढे हा खांब आला होता.

पक्षी विकले गेले की शेडमध्ये विष्ठेने घट्ट झालेलं भाताचं तूस उरतं. ते फावड्याने सोलायचं, गोण्यांत भरायचं, मग खालचा मुरूम पाणी मारून धुमसाने ठोकायचा आणि त्यावर नवं तूस अंथरायचं. अकरा बायका हे काम करत आणि रेवाबाई त्यांची मुकादम. पाच शेड पाळीपाळीने रिकाम्या होत असल्याने काम कधी खंडत नसे. म्हणून तर दसरा झाला की गुजरातकडे ऊसतोडीला जाणाऱ्या गाडीत या अकराजणी चढत नसत.

रंजिता तर चढणारच नव्हती. तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला होता, म्हणजे शाळेत न जाता घरून दहावी. परीक्षा मार्चमध्ये, नेमकी तोडीच्या भरात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. रेवाबाईचा मुलगा धर्मेंद्र गेल्या साली एकटाच गेला, तर तिथला मुकादम त्याला हंगामभर 'अर्धा कोयता' म्हणून चिडवत राहिला. धर्मेंद्र हसून आईला म्हणाला होता, "पोल्ट्रीचं काम आहे तोवर चालेल. ते सुटलं तर मात्र मुकादम पुरा कोयता मागेल."

"साडेचार फूट," रंजिता म्हणाली.

"नीट बघ."

"आई, टेपवर साडेचारच आहे. कमी सांगू का?"

रेवाबाईने क्षणभर विचार केला. मग तिला हसूच आलं. "कशाला? खरं सांगितलं तरी पुरे. पाच फुटांचं यंत्र साडेचार फुटांतून काढायला शेठ काय त्याला सोलणार आहे?"

रंजिताही हसली. तिनेच फोनवर माप सांगितलं, अगदी पाढे म्हणावेत तसं स्पष्ट. पलीकडून शेठ म्हणाले, "शाब्बास. बठ्ठं बरोबर सांगं."

चार दिवसांनी छोट्या ट्रकमधून लोडर उतरला. रेवाबाई गोणी पाठीवर तशीच धरून बघत राहिली. ते यंत्र एखाद्या जाड, बुटक्या रेड्यासारखं होतं. पुढे फावड्यासारखी रुंद बादली, मधे पिंजरा आणि पिंजऱ्यात बसलेला इंद्रसिंग नावाचा चालक.

"केवढं आहे हे?" तिने विचारलं.

"चार फूट, मावशी," इंद्रसिंग म्हणाला. "शेठ पाच फुटांचा घेणार होते. तुमच्याकडून माप आलं, तेव्हा कळलं की तो अडकेल. मग त्यांनी हा शोधला. आज चालवून बघायचा, जमला तर इथेच ठेवायचा."

शेठने खुशीत मान डोलावली. "मोठा लयतू ते पस्तावतू. तुना खांबनी वाचाडं, मावशी."

रंजिताने सासूकडे पाहिलं. रेवाबाईने गोणी खाली ठेवली.

लोडर दोन नंबरच्या शेडमध्ये शिरला. वाकड्या खांबापाशी इंद्रसिंगने वेग कमी केला. दोन्ही बाजूंना वीतभरही जागा नव्हती, पण लोडर न घासता पार गेला. बादलीने तूस साय काढावी तसं उचललं. बायका दाराशी उभ्या होत्या. ज्या कोपऱ्यात त्या दुपारपर्यंत अडकायच्या, तो चहा उकळायच्या आत मोकळा झाला.

"त्याला कंबर नाही, म्हणून दुखत नाही," मागून एकजण म्हणाली.

मग लोडर वळला. त्याची चाकं गाडीसारखी वळत नाहीत. एका बाजूची चाकं थांबतात, दुसऱ्या बाजूची फिरतात आणि ते धूड जागच्या जागी घसटत फिरतं. तसं ते फिरलं आणि खालचा मुरूम पोळी उलटावी तसा सुटून वर आला. दुसऱ्या वळणाला घोटाभर खड्डा पडला.

"शेठ, जमीन गेली!" रेवाबाई ओरडली. तिच्या आवाजात काळजी होती. या बायकांनीच ठोकून ठोकून ती जमीन केली होती. पण काळजीच्या खाली आनंदही होता आणि तो तिला स्वतःलाच ऐकू आला.

शेठ खड्ड्याशी उकिडवे बसले. "पट्टासवर चालस तो लोडर लिधा तर?"

"तोही मुरूम सोलणारच, शेठ," इंद्रसिंग म्हणाला. "जागच्या जागी फिरणं हीच तर याची करामत. नाहीतर एवढ्याशा जागेत हा वळला असता का?"

शेठनी सुटलेला मुरूम मुठीत घेऊन चुरला. रंजिताने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. रेवाबाई शेठच्या तोंडाकडे बघत राहिली. आता हे म्हणतील, राहू दे, परत ने. एवढंच म्हणायचं होतं त्यांनी.

"मग खाल कोबा करना पडी," शेठ उठत म्हणाले. "पाची शेडमा सिमेंटना कोबा. परत ठोकानी कटकटच नही." मग ते तिच्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, सल्ला विचारावा तसं त्यांनी विचारलं, "मावशी, तुले बठ्ठं ठाऊक शे. माल वाहाले तुन्ह्या बाया भेटतीन ना? कितला दिवस लागतीन?"

रेवाबाईला नाही म्हणावंसं वाटलं. पण नाही म्हटलं तर दुसऱ्या गावच्या बायका येतील आणि कोबा व्हायचा तो होईलच. तिने मनातल्या मनात शेडची लांबी धरली, पाट्या धरल्या, डोकी धरली.

"कामाचे बारा दिवस," ती म्हणाली. "शेड रिकाम्या होतील तशा घेतल्या तरी दसऱ्याच्या आत होईल."

"दसराना आत, बेस," शेठ म्हणाले.

बायका फावडी घेऊन पुढे झाल्या. खड्डे भरायचे होते, लोडरला अजून तीन वळणं घ्यायची होती. रंजिता सासूच्या शेजारी मुरूम ओढू लागली. थोड्या वेळाने, मान वर न करता, तिने विचारलं, "आई, परीक्षेचे फक्त सहा-सात दिवस असतात. तोडीवरून तेवढ्यापुरतं येऊ देतात का?"

"विचारू," रेवाबाई म्हणाली.

तिने वीस वर्षं ऊस तोडला होता. कोण येऊ देतं आणि कोण नाही, हे तिला कुणाला विचारायची गरज नव्हती. तिने धुमस उचलला आणि लोडर पुन्हा जिथे वळणार होता, तिथलीच जमीन ठोकायला घेतली.