पूजेला उतरवलेल्या चिठ्ठ्या

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करतो. दूध उतू गेलं तरी मी गवळ्याला मनातल्या मनात जाब विचारत असतो. शिवमोग्ग्यात लग्नाच्या फिल्मा काढायचा धंदा तीस वर्षं टिकला, तो या स्वभावामुळेच, असं मी सगळ्यांना सांगत आलोय.

दसऱ्यानंतर स्टुडिओ उघडला त्या सकाळी नागवेणी संगणकापुढे बसली होती. नऊ वर्षं एडिटिंगचं सगळं काम तिच्याकडे. ती म्हणाली, "अण्णा, डिस्क येत नाहीये."

म्हणजे डबीत बसवून बाहेरून जोडलेली मोठी हार्ड डिस्क. तिच्यात सागर गावातल्या एका सुपारीवाल्याच्या मुलीचं तीन दिवसांचं लग्न होतं. कॅमेऱ्याची कार्डं पुसून आम्ही पुढच्या कामाला लावली होती, त्यामुळे ते लग्न आता फक्त त्या डबीत होतं. मुलगी शनिवारी नवऱ्याबरोबर परदेशी निघणार होती.

मी नागवेणीला बाजूला केलं आणि स्वतः बसलो. डबीचा दिवा लागत होता. आत काहीतरी फिरायला बघायचं, टक टक वाजायचं आणि गप्प व्हायचं. पडद्यावर डिस्कचं नाव यायचं आणि जायचं. वायर बदलली. दुसऱ्या भोकात लावली. लॅपटॉपला जोडून पाहिली. तेच.

"आयुधपूजेच्या आदल्या दिवशी ठणठणीत होती," मी म्हणालो. "शेवटचा हात कुणाचा?"

"माझाच. बंद करून सगळ्या यंत्रांबरोबर पूजेत मांडायला तुमच्या हातात दिली."

समोरच्या स्टुडिओवाल्या हालप्पाने तिला बोलावणं धाडलंय, हे मला पानवाल्याकडून कळलं होतं. तिने चकार शब्द काढला नव्हता. मी डबीचे चार स्क्रू काढले आणि आतल्या डिस्कचा नंबर बिलाशी ताडून पाहिला. जुळला. तरी मन थाऱ्यावर येईना. डिस्क तीच, पण पाडली असेल. नाहीतर लग्न उतरवून घेऊन मुद्दाम बिघडवली असेल. माझं नाक कापलं गेलं तर हालप्पाला हवंच होतं.

"वेणी, पिशवी दाखव."

मग तिने पिशवी टेबलावर उपडी केली. डबा, कंगवा, बसचा पास, कागदी चिकटपट्टीचं कोरं रीळ, काळं पेन.

"हे रीळ कशाला?"

"इथल्यासाठीच आणलंय."

"इथे काय चिकटपट्टीचा दुष्काळ पडलाय? हालप्पाकडे जाणार आहेस ना?"

"विचारलं त्यांनी. मी नाही म्हटलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"नाही म्हटलेलं काय सांगायचं, अण्णा?"

एवढं बोलून ती टेबलाखाली वाकली आणि डबीच्या अडॅप्टरला हात लावला. "केवढा तापलाय हा." तिने तो उपसून उजेडात धरला. त्यावर मी लावलेलं कुंकू अजून तसंच होतं. "हा अर्ध्या अँपिअरचा. इंटरनेटच्या डबीचा आहे. डिस्कला दोन लागतात. उपाशी माणूस उठून उभा राहतो, पण चालायला गेला की बसतो, तसं झालंय तिचं."

"मग इंटरनेट कसं चालतंय?"

"त्याला डिस्कचा मोठा अडॅप्टर जोडला गेलाय. ते लागेल तेवढंच घेतं. पिन दोन्हींची सारखी, व्होल्टही तेवढेच. म्हणून तर मी सगळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या."

कडा उचकटलेल्या त्या मळक्या चिठ्ठ्या देवापुढे बऱ्या दिसत नाहीत, म्हणून मीच नखाने खरवडून काढल्या होत्या. आणि विजयादशमीला पहिलं बटण मालकाने दाबायचं, ही आमच्या वडिलांपासूनची रीत. सगळ्या वायरी मीच एकट्याने जोडल्या होत्या. दिवे लागले, नमस्कार केला आणि चुरमुरे खात घरी गेलो.

तिने अडॅप्टर बदलला. डिस्क एकसुरात घुमू लागली, पडद्यावर लग्न आलं. आधी तिने ते सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लावलं. तोवर फरशीवर बसून तिने एकेका अडॅप्टरवर पट्टी चिकटवली आणि ठसठशीत अक्षरात नावं घातली. मला फार लाज वाटली. मी खाली जाऊन दोन कॉफ्या घेऊन आलो.

"माझंच चुकलं, वेणी. मनावर घेऊ नकोस. भांड्याला भांडं लागतंच."

तिने कॉफी घेतली. चिठ्ठ्याही लिहीत होती, म्हणजे राग गेला, असं मी धरून चाललो.

"उद्या नऊला ये. हळदीपासून सुरू करू."

तिने पेनाला टोपण लावलं. "मला चिठ्ठी कधी लागली नाही, अण्णा. कुठला कशाचा, सगळं पाठ आहे. आधीच्या तुमच्यासाठी होत्या. या पुढच्या माणसासाठी."

तिने डबा, कंगवा, पास पिशवीत टाकले. पेन आणि रीळ टेबलावरच ठेवलं. मग पिशवीचं तोंड उघडून माझ्यापुढे धरलं.

"बघून घ्या. निघते."

आणि खरं सांगतो, तिच्या तोंडाकडे बघायच्या आधी माझी नजर पिशवीत गेली.