गाण्यातला क्रूस

मी क्रूस बोलतोय. पण थांबा, लगेच डोकं झुकवू नका, आणि शिव्याही देऊ नका. माझ्या छोट्याशा आयुष्यात मला दोन्ही भरपूर मिळालं, आणि दोन्ही वेळा समोरच्या माणसाचा गोंधळच उडालेला होता. मी चर्चमधला नाही. एका गाण्याच्या व्हिडिओसाठी बनवलेला सात फुटी, आतून पोकळ क्रूस होतो मी. ‘होतो’ का म्हणालो, ते पुढे येईलच.

माझा जन्म सेट बनवणाऱ्या कारखान्यात झाला. एका बाजूला थर्माकोलचे खांब, दुसऱ्या बाजूला अर्धवट रंगवलेला राजवाड्याचा जिना, आणि मधे भुश्शाच्या ढिगात उभा असलेला माझा सुतार. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, आणि लाकडाशी बोलायची सवय. माणसांशी मात्र हा गडी मोजून मापून बोलायचा. त्याचे वडीलही सुतार होते, वस्तीतल्या चर्चमधले बाक त्यांच्याच हातचे. वडील गेल्यावर घरात तो आणि आई, दोघंच उरली होती.

मालकानं काम सांगितलं ते असं, “दिसायला जड पाहिजे, उचलायला हलका. मॅडमना तो खांद्यावर घेऊन नाचायचंय.”

मिस्त्री घुटमळला. “नाचायचंय?”

“गाणं आहे बाबा. दोन फळ्या, चार स्क्रू, वरून रंग. संध्याकाळपर्यंत मोकळा हो.”

संध्याकाळपर्यंत कसला मोकळा होतोय! तीन दिवस लागले त्याला. आत पातळ पट्ट्यांचा सांगाडा केला, वर प्लायवूड चढवलं. आडवा हात उभ्याला जोडायची वेळ आली, तेव्हा स्क्रूचा डबा त्यानं उघडलाच नाही. तिथे भरीव लाकूड घातलं, दोन्हीकडे खाच घेतली, खाचेत खाच बसवली, सरस ओतला आणि वरून लाकडी खुंट्या ठोकल्या. मालक ओरडला, “अरे, आठवड्यानं फेकून द्यायचीय ही वस्तू!” मिस्त्री “हो” म्हणाला आणि घासत राहिला. मग त्यानं मला कोऱ्या चहाचं पाणी पाजलं, बारीक ब्रशनं अंगावर रेषा काढल्या, कडांवर मेण चोळलं. तीन दिवसांचा मी तीनशे वर्षांचा दिसायला लागलो. थोडा गर्वही झाला, खोटं कशाला बोलू?

स्टुडिओत शंभरेक मेणबत्त्या होत्या, रंगीत कागदाच्या काचा होत्या आणि डोळे चुरचुरतील इतका धूर होता. गायिका आली ती उघड्या खांद्यांचा लाल झगा घालून, डोक्यावर तारेचा काटेरी मुकुट, त्यात बारीक दिवे. गाण्यातली बाई सगळ्या गावानं नावं ठेवलेली होती, आणि ती म्हणत होती, तुमची क्षमा तुमच्यापाशीच ठेवा, मला फक्त जरा वाट द्या. ती मला खांद्यावर घेऊन नाचली. मग मला जमिनीवर आडवा टाकून माझ्यावर निजली, माझ्या हातांवर स्वतःचे हात पसरले आणि कॅमेऱ्याकडे बघून हसली.

मला तेव्हा काय वाटलं, असं लोक विचारतील. लाकडाला पाठीवरचं वजन कळतं, मनातलं काही कळत नाही. मला एवढंच कळलं की ती बाई हाडकुळी आहे आणि थरथरतेय. हे सगळं अठरा वेळा झालं.

मधेच एकदा, दिवे बदलत होते तेव्हा, ती माझ्याशेजारी बसली. काही मोडलं तर दुरुस्तीला म्हणून मिस्त्री तिथंच उभा होता. तिनं मान वर करून विचारलं, “इतका खरा कशाला केलात हो? हात लावायला भीती वाटते.”

“मला दुसऱ्या तऱ्हेनं करता येत नाही, मॅडम.”

“मी नन्सच्या शाळेत वाढले,” ती म्हणाली. “जेवणघरात असाच एक होता.” तेवढ्यात दिग्दर्शकानं हाक मारली आणि ती झगा आवरत उठली.

गाणं साडेतीन मिनिटांचं. पण त्यावर लोक बोलले ते महिनाभर. कोणी म्हणालं, काय हिंमत! कोणी म्हणालं, काय हा नीचपणा! उचलली जीभ की लावली टाळ्याला. निम्म्यांनी ते गाणं पाहिलंही नसेल. आणि मग कोणीतरी विचारलं, हा क्रूस केला कोणी? लहानशी वस्ती, त्यात सुतार एकच. माझ्या कडा बघून लोकांनी हात ओळखला.

मिस्त्रीची आई तीस वर्षं दर शनिवारी चर्चमध्ये फुलं लावायची. तिचा शनिवार कधी चुकला नव्हता, नवरा वारला त्या आठवड्यातसुद्धा नाही. त्या शनिवारी बायकांनी तिच्या हातातली फुलं अगदी गोड बोलून काढून घेतली. “आता काही दिवस विश्रांती घ्या, काकू.” ती घरी आली आणि मुलाशी बोलायची बंद झाली.

हे मला कसं कळलं? मला परत आणून कारखान्याच्या गोदामात भिंतीला टेकवून ठेवलं होतं, आणि मिस्त्री दुपारचा डबा खायला माझ्याजवळ बसायचा. “आई भिंतीशी बोलते रे,” तो मला सांगायचा. “‘वाढलंय’ म्हणते, ते भिंतीला. मग भिंतीच्या वतीनं मी जेवतो.” स्वतःच्या विनोदावर जरा हसायचा, आणि घास तसाच हातात राहायचा. “ओरडली असती, लाटणं फेकलं असतं, तरी चाललं असतं. हे सोसवत नाही.”

असे पाच आठवडे गेले.

एका रविवारी दुपारी कारखान्याच्या फाटकावर माणसं जमली. पुढे होता बेकरीवाला, आवाज भट्टीइतकाच तापलेला. मालकाची पाचावर धारण बसली. “काच फोडू नका, हा घ्या तुमचा क्रूस, काय करायचं ते करा!” असं म्हणून त्यानं मला सरळ बाहेर काढून दिलं.

मला जाळायचं ठरलं होतं. पण खरी गंमत वाटेतच सुरू झाली. चौघांनी मला खांद्यावर घेतलं, आणि दहा पावलांत त्यांच्या घोषणा थांबल्या. एकानं डोक्यावरची टोपी काढली. दुसरा म्हणाला, “सांभाळून, टोक आपटेल.” चर्चमागच्या मैदानात मला खाली ठेवायची वेळ आली, तेव्हा तिथल्या मातीवर कोणीतरी आपला कोट पसरला.

रॉकेल होतं. काडेपेटीही होती. बेकरीवाल्यानं ती शेजाऱ्याच्या हातात दिली.

“पेटव.”

“मी? तूच पेटव की. तूच तर पुढे होतास.”

“मी बोलायला पुढे होतो!”

काडेपेटी सगळ्यांच्या हातातून फिरून पुन्हा बेकरीवाल्याकडे आली. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कोणीच तयार होईना. फादरना विचारायला माणूस गेला, तो निरोप घेऊन आला, “फादर म्हणाले, मी जाळा म्हणणार नाही आणि नका जाळू म्हणणार नाही. तुमचं तुम्ही बघा.”

शेवटी बेकरीवाल्याचं डोकं चाललं. “हात सुटे करा. मग तो क्रूस राहत नाही, नुसती लाकडं. लाकडं जाळायला काय हरकत आहे?” आणि हात सुटे करायला अर्थातच सुतार लागतो.

मिस्त्रीला घरून बोलावून आणलं. मागोमाग आईही आली आणि बायकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली.

“तूच खोल,” बेकरीवाला म्हणाला. आवाज आता बराच खाली आला होता. “सगळ्यांसमोर खोल, म्हणजे विषय मिटला. तुझ्या आईचं फुलांचं कामही तिला परत मिळेल.”

मिस्त्री गुडघ्यावर बसला. माझ्या जोडावरून त्यानं अंगठा फिरवला. “यात स्क्रू नाहीत. खाचेचा जोड आहे. कापावा लागेल.”

त्यानं पिशवीतून करवत काढली, माझ्या डाव्या हातावर ठेवली आणि ओढली. मी पोकळ, मला धरलेलं कोणी नाही. मी टुणकन उडालो, करवत घसरली. त्यानं पुन्हा ठेवली. पुन्हा घसरली. सगळं मैदान बघत होतं.

तेव्हा आई घोळक्यातून बाहेर आली. तिनं चपला काढल्या, पदर खोचला, माझ्यापाशी बसली, दोन्ही हातांनी माझा हात घट्ट धरला आणि वर गुडघा टेकवला.

“चालव,” ती म्हणाली.

“आई, क्रूस आहे गं हा.”

“दिसतंय मला. तुझे बाबा कापायचे तेव्हा कोण धरायचं? मीच ना? सरळ चालव, तिरकं जाईल.”

त्यानं करवत चालवली. दुखलं का? दुखलं. पण तिची पकड अशी होती की मी तसूभर हललो नाही. भुस्सा तिच्या गुडघ्यावर पडत होता आणि मिस्त्री लहान मुलासारखा रडत कापत होता. ती त्याला गप्प राहा म्हणाली नाही. एक हात सुटला, मग दुसरा.

आता मी तीन लाकडं होतो. बेकरीवाल्यानं काडेपेटीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि ती खिशात टाकली. “जाऊ दे. फळ्या जाळून काय करायचंय?” ज्याचा कोट होता त्यानं तो झटकला. माणसं पांगली.

हल्ली मी मिस्त्रीच्या स्वयंपाकघरात असतो. माझ्या उभ्या भागाची फळी झालीय, तिच्यावर बरण्या. एका हाताला खुंट्या ठोकून उलथणी-झारे टांगलेत, दुसरा खिडकीखाली आहे. आईचं फुलांचं काम दोन आठवड्यांनी तिला परत मिळालं. काही बायका अजून तिरकं बघतात, ती त्यांच्या हातात फुलदाण्या धुवायला देते.

परवा दुपारी ती अचानक म्हणाली, “ते गाणं दाखव.”

मिस्त्री चमकला. “म्हणजे? तू पाहिलंच नाहीस?”

“लोकांनी सांगितलं तेवढं. आण इकडे.”

तिनं चष्मा लावला आणि फोन हातभर लांब धरून गाणं अथपासून इतिपर्यंत पाहिलं. ती बाई माझ्यावर निजते तिथं मिस्त्रीनं मान फिरवली. आईनं नाही फिरवली.

“किती वेळा करायला लावलं हे तिला?”

“अठरा.”

“पाणीबिणी दिलं का रे कोणी पोरीला?”

“लक्षातच आलं नाही, आई.”

“तू तिथंच होतास ना?”

“होतो.”

तिनं फोन परत दिला आणि ती कामाला लागली.

मीही तिथंच होतो. त्या गाण्यात मी अजून अखंड आहे आणि लोक मला रोज बघतात. तुम्हीही बघाल. रागवायचं तर रागवा, टाळ्या वाजवायच्या तर वाजवा, ते तुमचं तुम्ही ठरवा. माझी विनंती एवढीच आहे, एकदा माझ्यावरची नजर काढून मला उचलणारीकडे बघा. शेवटी ती पाठमोरी होते, तेव्हा तिच्या उजव्या खांद्यावर लाल वळ दिसेल. तो रंगवलेला नाही. माझा आहे.