पंचेचाळीसचे वर्तुळ

मित्रांनो, माझ्या जातीला लोक जरा दबकूनच असतात. कात्री दिसली की घरोघरी "ठेव ती खाली!" अशी आरोळी उठते. मला मात्र आजवर कुणी घाबरलेले नाही. मी एक जुनी, तळहातात मावेल एवढी कात्री आहे. माझी टोके बोथट आहेत आणि वरच्या बाजूला किंचित वळलेली आहेत. त्यामुळे मी सदा नाक वर करून बसल्यासारखी दिसते, आणि खरे सांगायचे तर थोडी आहेही तशीच.

ज्या कारागिराने मला घडवले, त्याने माझी दोन्ही पाती तापवली, ठोकली, दगडावर घासली आणि मध्ये एक स्क्रू पिळून त्यांना जन्माचे एकत्र बांधले. टोके वाकवताना तो शेजारच्याला म्हणाला, "ही नाजूक कामाला जायची. टोक कुठे रुतता कामा नये." कुठले नाजूक काम, ते काही त्याने सांगितले नाही. तेव्हापासून मला चौकशीची जी खोड लागली ती अजून सुटलेली नाही.

मी जाऊन पडले एका शाळेच्या प्रयोगशाळेत, जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईंच्या टेबलाच्या खणात. शाळेत त्यांना सगळे नुसते 'बाई' म्हणत, म्हणून मीही तेच म्हणते. खिडकीत एक कुंडी होती. तिच्यातल्या झाडाची पाने वरून हिरवी आणि खालून जांभळी. दरवर्षी एका ठरावीक आठवड्यात बाई त्यातले एक पान तोडत, त्याची पाठ तिरकी फाडत, आणि फाटलेल्या कडेला पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटला की माझ्या टोकांनी तो अलगद कापून घेत. मग काचेवर पाण्याचा थेंब, त्यावर पापुद्रा, आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली. मुलांची रांग लागायची.

"बाई, हे तर ओठ आहेत!"

"ओठ कसले? दोन केळी समोरासमोर ठेवलीयत."

"बाई, मधे भोक आहे!"

बाई सांगत, या भोकाला पर्णरंध्र म्हणतात, इंग्रजीत स्टोमा. पानाचा श्वास इथून ये-जा करतो, पाण्याची वाफ इथूनच बाहेर पडते. दोन्ही बाजूंची ती केळी म्हणजे रक्षक पेशी. पाणी मुबलक असले की त्या फुगतात आणि दार उघडते, पाणी कमी पडले की सैल होऊन दार लावून घेतात. मी टेबलावर आडवी पडून हे ऐकायची. इतक्या वर्षांत हजारो रंध्रे माझ्या पात्यांखालून गेली, पण एकदाही मला त्या नळीतून बघायला मिळाले नाही. कात्रीला कोण रांगेत उभे करणार!

प्रयोगशाळेत काचा धुणारे एक मामा होते. बाईंची पाठ वळली की ते माझ्याकडून नखे कापून घेत. तो अपमान मी अजून विसरलेले नाही. बाकी माझे दिवस मजेत चालले होते.

मग एके वर्षी पापुद्र्याचा आठवडा आला आणि बाई आल्याच नाहीत. महिनाभराने खण उघडला तो बाईंच्या वन्संनी. म्हणजे त्यांच्या यजमानांच्या बहिणीने. यजमान बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रावर. घरात बाई आणि वन्सं दोघीच. वन्सं शिवणकाम करतात. त्यांनी मला बोटांत धरून दोनदा उघडमीट केली, उजेडात पाती बघितली आणि मामांना म्हणाल्या, "वहिनीनं हीच मागितलीय. दवाखान्यात वळलेल्या टोकाची कात्री आणायला सांगितलीय."

बाईंचे मोठे आतडे फार आजारी होते. डॉक्टरांनी ते काढून टाकले आणि लहान आतड्याचे टोक पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर आणून शिवून टाकले. त्या नव्या तोंडालाही स्टोमाच म्हणतात. लालचुटुक, ओलसर, बटणासारखा वर आलेला. पोटातले जे काही बाहेर पडायचे ते आता तिथून पडते आणि वर चिकटवलेल्या पिशवीत जमते. पिशवीच्या मागे एक चिकट चकती असते. तिला स्टोमाच्या मापाचे भोक पाडून ती कातडीवर बसवायची. ते भोक पाडायला हवी मी. मित्रांनो, 'नाजूक काम' म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळले.

घरी सोडायच्या दिवशी सिस्टरांनी मापाचे कार्ड लावून बघितले, पुठ्ठ्यावर पंचेचाळीस मिलिमीटरचे एक वर्तुळ काढून दिले आणि पुष्कळ काही समजावले. बाई प्रत्येक वाक्याला मान डोलावत होत्या, पण बघत होत्या छताच्या पंख्याकडे. मापाचे कार्ड घरी आल्यावर फाइलमध्ये गेले आणि फाइल कपाटाच्या तळाशी गेली.

घरी न्हाणीघराचे दार लावून त्या एकट्याच सगळे करायच्या. पुठ्ठ्याचे वर्तुळ चकतीवर ठेवायचे, पेन्सिलीने आखायचे, मला चालवायचे, आणि मान वळवून, चाचपत चाचपत चकती बसवून टाकायची. आयुष्यभर ज्यांनी मुलांना "नीट बघा" म्हणून सांगितले, त्या बाई स्वतःच्या पोटाकडे बघत नव्हत्या. मला राग यायचा आणि वाईटही वाटायचे.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात चकती गळायला लागली. कातडी चुरचुरायची. बाईंनी विचार केला, आणि तो अगदी त्यांच्याच डोक्यात येईल असा विचार होता. पानाचे रंध्र झाकले गेले की पान मरते, तेव्हा हे भोकच तोकडे पडत असणार, स्टोमा कोंडला जात असणार. त्यांनी वर्तुळ आणखी मोठे आखले. पन्नास! मी कापले. चकती जास्तच गळू लागली. कधी दुपारी जेवताना, कधी नुसते खुर्चीतून उठताना कपडे ओले व्हायचे आणि बाई उठून न्हाणीघर गाठायच्या. नळ पुष्कळ वेळ चालू राहायचा, म्हणजे रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये.

दहाव्या आठवड्यात त्यांनी शाळेला राजीनाम्याचे पत्र लिहिले. वर्गात उभे असताना असे काही झाले तर? चाळीस मुलांसमोर?  पत्र वन्संच्या हाती देत त्या म्हणाल्या, "सोमवारी शाळेत नेऊन द्याल का?"

वन्संनी पत्र घेतले. "अगं, पण शिकवणं सोडून तू करणार काय? माझी काजं-बटणं? तुला सुईत दोरा ओवता येत नाही."

"वन्सं, प्लीज."

वन्संनी पत्राची घडी करून ते शिवणाच्या डब्यात ठेवले.

त्याच दुपारी वन्संची दोरा कापायची कात्री कापडाच्या ढिगात हरवली आणि त्यांनी न विचारता मला उचलले. मी दोऱ्याला अडले. वन्संनी डोळे बारीक केले. माझ्या पात्यांवर चकतीचा चिकट थर साचला होता, बाईंना मला पुसायचेही भान राहिले नव्हते. शिवणकाम करणाऱ्याला घाण पाते म्हणजे डोळ्यांत गेलेले कुसळ. मला हातात घेऊन त्या तणतणत निघाल्या आणि न्हाणीघराचे नुसते लोटलेले दार उघडून आत शिरल्या.

"वहिनी, अगं ही कात्री आहे की गोंदाची..."

 पोट उघडे टाकून, आरशाकडे पाठ करून बाई उभ्या होत्या. मध्ये लहानसा लाल स्टोमा आणि त्याच्याभोवती बोटभर रुंदीचे सोललेले, पाणी सुटलेले कातडे.

"जा हो तुम्ही! जा ना!" बाईंनी टॉवेल ओढून घेतला.

"जाते. आधी हे सांग, कापतेस कुठल्या मापानं?"

बाईंनी पुठ्ठ्याकडे बोट केले. वन्संच्या गळ्यात मोजायची फीत कायमचीच असते. त्यांनी ती पुठ्ठ्यावर धरली, मग स्टोमापासून चार बोटे लांब, हवेतच धरली. 

"हे माप कधीचं?"

"दवाखान्यातलं."

"दहा आठवड्यांपूर्वीचं! वहिनी, मी गिऱ्हाइकाचं माप दर खेपेला घेते. वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक असलं तरी घेते. लोक म्हणतात, मागचंच घाल. मी नाही घालत. माणूस तोच असतो, पण कंबर ती नसते." मग त्यांचा आवाज खाली आला. "अगं, एवढं सोसलंस आणि मला सांगितलं नाहीस? मी काय परकी आहे?"

बाई त्यांच्या खांद्यावर डोके ठेवून रडल्या. नळ चालू न करता रडल्या.

दुसऱ्या दिवशी दोघी सिस्टरांकडे गेल्या. पर्समध्ये मी होते, धुऊन पुसून लख्ख. सिस्टरांनी भोकाभोकांचे कार्ड घेऊन एकेक भोक लावून बघितले. "अठ्ठावीस. आणि तुम्ही कापत होता पन्नास! नवा स्टोमा सुजलेला असतो, बाई. पुढं दीड-दोन महिने तो आकसत जातो. चकतीचं भोक त्याच्याहून दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं. मधली कातडी उघडी राहिली की आतून येणारं पाणी तिला जाळतं. फोन का नाही केलात?"

बाई मान खाली घालून म्हणाल्या, "इतकी वर्षं रंध्रं शिकवली. आता स्वतःचं एक सांभाळता येत नाही, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?"

"रंध्राला कातडी नसते जळायला," सिस्टर म्हणाल्या. "चला, बघा इकडे. पंख्याकडे नाही, इकडे."

बाईंनी बघितले. पहिल्यांदाच. मिनिटभर बघितले, मग आणखी वाकून बघितले आणि हळूच म्हणाल्या, "हा हलतोय." "हलणारच, आतडं आहे ते," सिस्टर म्हणाल्या. बाईंच्या चेहऱ्यावर तो जुना भाव आला, मुलांनी अवघड प्रश्न विचारला की यायचा तो. मग त्यांनीच प्रश्नांची सरबत्ती लावली. याला हात लावला तर? दुखत का नाही? आवाज कशाने येतो? वन्सं बाजूला बसून जांभया देऊ लागल्या. त्या दिवशी मी तीसचे वर्तुळ कापले. इतक्या जपून मी कधी काही कापले नव्हते.

पंधरा दिवसांत कातडी सुधारली. गळती थांबली. एका संध्याकाळी बाई चाचरत म्हणाल्या, "वन्सं, ते पत्र दिलंत का हो?"

"कुठलं? ते? त्याचा मी कॉलरचा नमुना कापला. कागद छान जाड होता."

बाई बघतच राहिल्या आणि मग हसता हसता त्यांनी पोट धरले, अगदी बेताने. म्हणाल्या, "ठीक आहे. एक तास घेऊन बघते. नाही जमलं तर नवं पत्र लिहीन."

वन्सं म्हणाल्या, "लिही. मला अजून बाहीचा नमुना कापायचाय."

तो तास मी टेबलावरून पाहिला. कुंडीतले पान, तिरकी फाडलेली पाठ, माझी टोके. बाईंचा हात मला थंडगार लागत होता. सगळा वर्ग श्वास रोखून पापुद्र्याकडे बघत होता आणि नेमक्या त्या शांततेत बाईंच्या पोटातून गुरगुर असा लांबलचक आवाज आला. मागच्या बाकावर कुणीतरी फिदीफिदी हसले. बाईंनी मला खाली ठेवले. माझ्या स्क्रूपर्यंत धडकी भरली. वाटले, आता या पर्स उचलणार आणि जाणार.

बाईंनी खडू उचलला. फळ्यावर एक पर्णरंध्र काढले, त्याच्या शेजारी एक साधे गोल काढले. "आवाज माझ्या पोटातून आला," त्या म्हणाल्या.  "आजारपणात डॉक्टरांनी माझ्या पोटावर एक नवं तोंड केलं. त्यालाही स्टोमाच म्हणतात. पानाच्या दाराला दोन रक्षक पेशी असतात. माझ्या दाराला एकही नाही, म्हणून ते कधी वाजेल, कधी वाहील, ते माझ्या हातात नाही. वर पिशवी लावलेली असते. ती रिकामी करायला मी कधी मधेच बाहेर गेले तर तुम्ही चित्र काढत बसायचं."

 मग पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"बाई, दुखतं का?"

"तिथं हात लावला तरी दुखत नाही," बाई म्हणाल्या. मग मागच्या बाकाकडे बघून, न रागावता, "हसल्यावर दुखतं."

मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला. त्याला 'सॉरी' म्हणायचे होते बहुतेक, पण तोंडातून निघाले, "बाई, पण मग ते कळतं कसं, पिशवी भरली ते?" आणि बाई खुलल्या. तास संपल्याची घंटा झाली तरी सूक्ष्मदर्शकापुढची रांग हलेना. अर्धी पानासाठी होती आणि अर्धी बाईंसाठी. नवे पत्र काही लिहिले गेले नाही.

मित्रांनो, आता मी म्हातारी झाले आहे. स्क्रू सैल झाला आहे. मला वापराल तर धुऊन पुसून ठेवा, आणि कृपा करून माझ्याकडून नखे कापून घेऊ नका. पण माझी खरी विनंती दुसरीच आहे. पंचेचाळीसचे वर्तुळ चुकीचे आहे, हे मला दुसऱ्या महिन्यातच कळले होते. चकतीच्या भोकातून मी रोज ते जळलेले कातडे बघत होते. तरीही बाई आखत गेल्या आणि मी कापत गेले. तुमच्या घरात, वर्गात कुणी आजारातून उठून परत येईल, फार वेळ दार लावून बसेल, नळ उगाच चालू ठेवेल, तर दारावर टकटक करा आणि विचारा, काय होतंय. कात्रीला विचारता येत नाही. तुम्हांला येते.