पखुर्डीचा नर

दुपारच्या शांततेत गॅलरीतल्या पिंजऱ्याची कडी खट्‌कन वाजली, आणि पोळी तव्यावर तशीच टाकून स्वप्ना धावली. पिंजऱ्याचं दार वाऱ्यानं हलत होतं. आत मादी होती, तिच्या पोटाखाली परवा अंड्यांतून निघालेली पिल्लं होती. नर नव्हता.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात संग्रामनं इथल्या, आखातातल्या शुक्रवारच्या बाजारातून ही पक्ष्यांची जोडी आणली होती. "घे, ग्राउस! खैतानमधल्या या खुराड्यात तुला सोबत." स्वप्नानं पुस्तकं धुंडाळली. खरे ग्राउस थंड मुलखातले, पायांत पिसांचे मोजे घातल्यासारखे. कुणी काळे, कुणी तांबडे, कुणी हिवाळ्यात पांढरेशुभ्र होणारे. पाळायला महाकठीण. हे तर वाळवंटातले, नुसते नावाचे भाऊबंद. म्हणजे नाशिककडच्या माळावरच्या आपल्या पखुर्ड्याच की! तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

पिंजऱ्यात यांची पिल्लं जगवणं अवघड, कारण ती वाटीतलं पाणी पीत नाहीत. बाप पाण्यात बसून पोटाची पिसं भिजवतो आणि पिल्लं ती पिसं चोखतात. म्हणून तिनं पसरट ताटलीत पाणी ठेवलं होतं. आज सकाळीच बाप ओल्या पोटानं ताठ उभा राहिला, पिल्लं त्याला लुचली, आणि स्वप्नाचेच डोळे भरून आले.

"जुईली! कडी तू काढलीस?"

"नो, आई."

"खोटं बोलू नकोस! मेली ना आता ती पिल्लं!"

पाच वर्षांची पोर हमसून रडायला लागली. जेवून पुन्हा ऑफिसला निघालेला संग्राम खाली मान घालून बूट चढवत होता. पोळी करपल्याचा वास आला तेव्हा कुठं त्याला कंठ फुटला.

"तिला नको ओरडूस. नर मी दिला, कडी माझ्याकडूनच नीट लागली नाही. मघाशी तू अंघोळीला होतीस तेव्हा आमच्या ऑफिसच्या मुदीरसाहेबांचा ड्रायव्हर येऊन गेला. त्यांच्या नव्या ससाण्याला शिकवायला जिवंत पक्षी लागतो."

"शिकवायला? की मारायला?"

"साहेबांनी तोंडानं मागितला, स्वप्ना. माझं कॉन्ट्रॅक्ट त्यांच्या हातात. आणि मादी ठेवलीय की तुला!"

"उपकारच झाले. मग पिल्लांना पाणी तू पाज, पोट भिजवून."

तो हसला. तिनं थट्टा केली असं समजून चक्क हसला, आणि जिना उतरून गेला.

स्वप्नानं कापूस ओला करून पिल्लांपुढे धरला. ती मादीच्या पोटाखाली आणखीच दडली. नाक पुसत जुईली येऊन तिला चिकटून बसली.

"आई, मी कडी नाही काढली, हे पप्पाला माहीत होतं ना?"

"हो गं राणी."

"मग तू मला ओरडत होतीस, तेव्हा पप्पा गप्प का बसला? व्हाय, आई?"